भुताचं हसं

दातांच्या डॉक्टरकडच्या कंपाउंडरनं चार वर्षांचे रविवार खर्ची घालून एक भुताचा सिनेमा काढला. कॅमेरा उसना, नट म्हणजे मित्र आणि रक्त म्हणजे बिटाच्या रसात कालवलेला मैदा. भूत झाली त्याची थोरली बहीण. जिन्याखालच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं.

"मला कुठं येतो रे अभिनय?"

"ताई, तू नुसती उभी राहिलीस तरी पुरे."

नुसतं उभं राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. गोष्ट अशी, की मेलेली आई आपल्या बाळाला शोधत घरोघर हिंडते. ताईला तीनदा दिवस गेले होते आणि तिन्ही वेळा कूस रिकामीच राहिली होती. भावाला हे ठाऊक होतं. भुताचा झगा तिनं स्वतः शिवला, बाळाची झबलीही शिवली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये सकाळी सिनेमा दाखवला. पाचव्या मिनिटालाच लोक खिदळायला लागले. मेलेला माणूस श्वास घेत होता. तीन घरांना दार एकच, कडीसकट. भिंतीवर भुताच्या सावलीला माईकवाल्याच्या सावलीची सोबत होती. हसं होण्यासारखंच होतं ते, ताईसुद्धा हसली.

मग भूत झबल्यांच्या घड्या घालतं तो प्रसंग आला आणि हॉल चिडीचूप झाला. मागं कुणीतरी नाक ओढलं. तेवढ्यात भुताच्या केसांचा टोप खिळ्याला अडकला आणि तिथंच लोंबकळत राहिला. भुताला पत्ताच नाही, ते आपलं घड्या घालतंय. लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

"हे कापलं का नाहीस?" ताईनं दबक्या आवाजात विचारलं.

"दुसऱ्या वेळी तुझा चेहरा असा आला नाही गं," भाऊ म्हणाला. ते खरं होतं.

शेवटी सूत्रसंचालकानं त्याला मंचावर बोलावलं. "खरं सांगा, मुद्दाम केलंत ना हे सगळं?"

भाऊ जरा घुटमळला. मग म्हणाला, "अर्थात! विनोदीच सिनेमा आहे हा. फक्त भुताला सांगितलं नव्हतं, म्हणून तर रंगत आली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या भुताकडे सगळ्यांनी वळून पाहिलं.

टोप लोंबकळण्याचा तो तुकडा फोनाफोनांतून फिरला. पँटची चेन बदलायला आलेली माणसंही विचारू लागली, "बाई, आज टोप कुठाय?" ताई माप घेई आणि कपडा न्यायला यायचा वार सांगून मोकळी होई.

भावानं दुसरा सिनेमा काढला, या वेळी खरोखरच मुद्दाम विनोदी. नाटकातली नटी आणली, तिचा टोप चारदा पाडला. लोक हसले नाहीत, घाबरले तर नाहीतच.

तो दुकानात आला. "तुझ्याशिवाय जमत नाही गं ताई. तिसऱ्यात तू ये."

ताईनं मशीन थांबवलं. "'माझ्या बहिणीनं मन लावून केलंय,' एवढं एक वाक्य त्या दिवशी मंचावर तोंडातून निघालं नाही तुझ्या."

"लोक मला हसले असते गं!"

"आणि मला हसले ते चाललं?"

तो म्हणाला, "नाव तर तुझंच झालं ना?"

ताईनं दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शर्ट उचलला आणि फाटलेली बाही उसवायला घेतली. त्यानंतर तो त्या जिन्याकडे फिरकला नाही. तिनंही बोलावलं नाही.