एका वेळी एकच

"एका वेळी एकच," व्हेरेनानं सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं. "आधीचा माणूस सुरक्षित जागी पोचून हात वर करेपर्यंत दुसऱ्यानं उतारावर पाऊल टाकायचं नाही. कितीही थंडी वाजो, कितीही कंटाळा येवो."

व्हेरेना त्यांची गाइड. जर्मनीतल्या आलगॉयच्या या डोंगरात तिचं बालपण गेलेलं. यंत्रानं चोपून सपाट केलेल्या पिस्ट सोडून कोऱ्या, खोल बर्फात उतरायचं कसं, ते ती तिघांना शिकवत होती. बारा वर्षांची ऋचा, ऋचाची आई कौमुदी, आणि चारुदत्त. इंगोलश्टाटच्या मोटार कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेला हा गृहस्थ पहिल्याच दिवशी कौमुदीचा 'दादा' होऊन बसला होता. कौमुदीचा नवरा सत्यजित धाकट्या वेदला घेऊन खाली गावात घसरगाडीवर होता. घरून, एश्बॉर्नहून निघतानाच तो म्हणाला होता, "ऋचाला एकटीला जाऊ दे की गं." कौमुदीचा जीव धजावला नाही. ऋचा चौथ्या वर्षापासून स्कीवर. कौमुदी तिच्या मागून, चांगली तीस ओलांडल्यावर, पडत-झडत शिकली. लेक जिथे जाईल तिथे आपल्याला पोचता यावं, एवढ्याचसाठी.

व्हेरेना सरसर खाली गेली. अडीचशे मीटरवर एक मोठा काळा खडक होता, त्याच्या आडोशाला थांबून तिनं हात वर केला. वॉकी-टॉकी तिच्याकडे एक, आणि वर चारुदत्तकडे एक.

"चल ऋचा, तुझा नंबर," चारुदत्त म्हणाला.

"हळू जा गं. गुडघे वाकव. आणि उजवीकडे जास्त—"

"आई, बिट्टे!" प्लीज. ऋचानं डोळे फिरवले आणि उडी टाकली.

पहिली चार वळणं अशी झाली की कौमुदी श्वास घ्यायची विसरली. पाचव्या वळणावर बर्फाचा एक फवारा उडाला आणि पोर दिसेनाशी झाली. मग डोकं वर आलं. लाल हेल्मेट. एक हात. दुसरा हात.

"पडली, पण ठीक आहे," चारुदत्त म्हणाला. "बघ, उठली."

उठली खरी, पण एका पायावर. दुसरी स्की सुटून बर्फात कुठंतरी बुडाली होती.

कौमुदीनं काठ्या रोवल्या आणि पुढे सरकली. चारुदत्तनं तिचा दंड धरला.

"कुठं निघालीस?"

"तिची स्की गेलीय!"

"दिसतंय मला. तू उतारावर गेलीस की तुझं वजन तिच्या डोक्यावर येणार. पोरीच्या अंगावर आपणच बर्फ ढकलायचा का? उभी राहा."

ती उभी राहिली. आयुष्यात एवढं कठीण काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. ऋचा धडपडली की धावायचं, हे हातापायांना माहीत. उभं राहायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

वॉकी-टॉकी खरखरली. व्हेरेनाचा आवाज शांत होता, पण भरभर. "मी तिला खालून ओरडून सांगतेय, पण वारा आहे. तुम्हीही सांगा. पडली तिथून थोडं वरच्या बाजूला बघ म्हणावं. फीत शोध. नारिंगी फीत. आणि लवकर, ऊन वरच्या कड्याला लागलंय."

कौमुदीनं वर पाहिलं. डावीकडच्या कड्यावर मघापर्यंत निळी सावली होती. आता वरची कड पिवळी झाली होती, आणि तिथून लाडवाएवढे बर्फाचे गोळे सुटून उतारावर गरगरत खाली येत होते. अकराच्या आत हा उतार रिकामा व्हायला हवा, हे व्हेरेनानं नाश्त्यालाच सांगितलं होतं. पावणेअकरा झाले होते.

"ऋचा! नारिंगी फीत बघ!" चारुदत्त तोंडाला हात लावून ओरडला. "नारिंगी!"

खाली ऋचा गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी बर्फ उपसायला लागली.

कौमुदीचा हात आपोआप जाकिटाच्या खिशावर गेला. आत दोन फिती होत्या, नीट गुंडाळून ठेवलेल्या.

या लांब फिती विजारीच्या पायात खोचून त्यांचं एक टोक स्कीला अडकवतात, म्हणजे स्की सुटून बुडाली तरी फीत बर्फावर दिसत राहते. व्हेरेनानं सकाळी सगळ्यांच्या तपासल्या होत्या. पण नंतर, हॉटेलच्या स्कीच्या खोलीत, ऋचाच्या विजारीच्या पायातून दोन नारिंगी टोकं लोंबताना दिसली, आणि कौमुदीचं काळीज चरकलं. पुण्यात स्कूटरला किक मारण्याआधी तिची आई रोज म्हणायची, "ओढणी आवर, चाकात जाईल." समोरच्या घरातल्या नंदिनीची गेलीच होती, चाकात. लोंबणारं काही दिसलं की कौमुदीचा हात आधी जायचा, डोकं मागून. ऋचा फोनमध्ये होती. पायात अडकून पोर तोंडावर पडेल, असं मनाशी म्हणत तिनं दोन्ही फिती सोडवल्या. दुपारी व्हेरेनाला विचारू, म्हणाली. मग विसरली.

आता सांगायचं, तर कुणाला? चारुदत्त शेजारी. व्हेरेना वॉकी-टॉकीवर. आणि खाली ती, जी आधीच म्हणते की तू मला बाळासारखी वागवतेस. सापडेलही स्की, कौमुदीनं स्वतःला समजावलं. फीत नसली तरी सापडेल.

अर्धं मिनिट ती गप्प राहिली. पुढे किती तरी दिवस तिला उतार नाही आठवला, पडणं नाही आठवलं. ते अर्धं मिनिट आठवलं.

"इश फिंडे एस निश्ट!" ऋचाचा रडवेला आवाज वर आला. सापडत नाहीये.

नारळाएवढा एक गोळा तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला. तिनं पाहिलासुद्धा नाही. तिचं डोकं खड्ड्यात होतं.

कौमुदीनं चारुदत्तच्या हातातून वॉकी-टॉकी ओढून घेतली. "व्हेरेना, फीत नाहीये. मी काढली सकाळी. दोन्ही माझ्याकडे आहेत." आणि मग, वारा कापत, मराठीत, जितका घसा होता तितका लावून: "ऋचा! फीत शोधू नकोस! फीत नाहीये! मी काढलीय!"

खालचे हात थांबले. हेल्मेट वर वळलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

"वारूम?" का?

"चुकलं माझं! सोड ती स्की!"

वॉकी-टॉकीवर व्हेरेना, आधीपेक्षा शांत: "ठीक. आता शोधणं बंद. दुसरी स्की काढून छातीशी धर आणि बसून घसरत ये. सांगा तिला."

कौमुदीनं ते तसंच ओरडून सांगितलं. "नाही! ती नवी आहे!" ऋचा जर्मनमध्ये किंचाळली. "तूच काढलीस! तू गप्प बस!"

कौमुदी गप्प बसली. तिच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द आता पोरीला त्या खड्ड्यात आणखी घट्ट रोवणार होता. तिनं वॉकी-टॉकी चारुदत्तच्या हातात दिली. "दादा, तुम्ही सांगा. माझं नाही ऐकणार ती."

चारुदत्तनं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि घसा साफ केला. "ऋचाताई! नव्या स्कीचं दुःख मला विचार, माझ्या दोन गेल्यात! रडायचं ते खाली रडू, कॉफी पाजतो! बस खाली! बूड टेक! शाब्बास!"

पोरीनं बाहीनं नाक पुसलं. दुसरी स्की काढली. बसली. बर्फ खोल होता, त्यामुळे ती घसरण्यापेक्षा वल्हवतच खाली जात होती, टाचा मारत. कौमुदी मनात आकडे म्हणत होती. चाळीस. पन्नास. साठाला व्हेरेना खडकाआडून दोन पावलं बाहेर आली, तिनं ऋचाची कॉलर पकडली आणि आत ओढलं.

हात वर झाला.

त्या दोघांच्या डोळ्यांदेखत कड्यावरून पाटीभर पीठ ओतावं तसा बर्फ सुटला. फार आवाज नाही, फार मोठाही नाही. उतारावरून पसरत गेला आणि खडकाच्या बराच वर थांबला. ऋचानं उकरलेला खड्डा मात्र उरला नाही.

"तुम्ही दोघं या उतारावर यायचं नाही," वॉकी-टॉकी म्हणाली. "आलात त्याच वाटेनं मागे जा, पिस्टवरून उतरा. लिफ्टपाशी भेटू."

तो वळसा पाऊण तासाचा होता. चारुदत्त वाटेत एकदाच बोलला. "माझी आई शाळेत जाताना माझ्या बुटांना दुहेरी गाठ मारायची. सुटायचीच नाही. एकदा पाय बुटासकट चिखलात रुतला."

लिफ्टपाशी व्हेरेना उभी होती. "मी तपासल्यानंतर तुम्ही सामानाला हात लावलात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि मी फीत म्हणाले तेव्हा लगेच बोलला नाहीत. उद्या ऋचाला यायचं असेल तर तिनं यावं. तुम्हाला मी नेणार नाही."

"गेनाऊ," कौमुदी म्हणाली. बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार?

ऋचा बाकावर बसली होती. एक स्की शेजारी उभी. चारुदत्तनं कबूल केलेली कॉफी कोको होऊन समोर आली होती, तिला हात लावलेला नव्हता. कौमुदी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"इश कॉमे मॉर्गन," ऋचा समोर बघत म्हणाली. मी उद्या येणार. "एकटी." हा शब्द तेवढा मराठीत.

"बरं."

ऋचा हेल्मेट काढायला लागली. हनुवटीखालचा चाप गोठला होता आणि बोटं थंडीनं ताठ झाली होती. एकदा दाबला, नाही निघाला. दोनदा. कौमुदीचा हात निघालासुद्धा. अर्ध्यात पोचला आणि तिनं तो तिथंच, हवेत, थांबवला.

"काढू?" तिनं विचारलं.

ऋचानं त्या हाताकडे पाहिलं. आणखी एकदा स्वतःच प्रयत्न केला, अंगठा लाल होईपर्यंत. कौमुदी थांबली. लिफ्टचे पाळणे डोक्यावरून रिकामे जात होते.

मग ऋचानं हात खाली घेतले आणि हनुवटी वर केली.