सीताबाईचा वेगळा गिलास

मी एक जुना स्टीलचा गिलास आहे, मित्रांनो, आणि मला बोलता येत नाही हे माझं जन्मभराचं दुखणं आहे. आज बोलतोय ते फक्त तुमच्यापाशी. तेव्हा मधे मधे जांभया देऊ नका.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते काही आठवत नाही. आठवतं ते देवळीचं भांड्यांचं दुकान. सीताबाईच्या लग्नात तिच्या भावानं तिथून आम्हा सहा गिलासांना आणलं. दुकानदारानं मशीन लावून आमच्या पोटावर टर्रर्र करत तिचं नाव कोरलं. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! मग आम्ही नाचणगावला आलो. पाहुण्यांना पाणी, कापूस वेचून आलेल्या बायांना चहा, तापातल्या पोराला पेज, सगळं केलं. सीताबाईचा मुलगा अंकित लहानपणी मला दातांत धरून घरभर पळायचा. आम्ही सहाही भाऊ एकाच मांडणीवर उपडे पडायचो. कोणता गिलास कुणाचा, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

अंकितचं लग्न झालं, पौर्णिमा सून म्हणून आली, नंदिनी जन्मली. ही नंदिनी आजीच्या मांडीवरून खाली उतरायचं नाव घेत नसे. ती दोन वर्षांची असेल, तेव्हा सीताबाईच्या हाताला छातीत गाठ लागली. वर्ध्याच्या दवाखान्यात तपासलं तर स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकावी लागली. पुढे केमोच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पाणी प्यायला म्हणून पिशवीत मला घातलं.

म्हणून मी तिथे होतो. सीताबाईला सलाईन लावलेलं, ग्लानी आलेली. नर्सबाई अंकितला म्हणाल्या, "केमो चालू आहे तोवर आईंची ताकद कमी राहील. दुसऱ्याचा सर्दी-खोकला त्यांना पटकन लागेल. तेवढे महिने त्यांचं भांडं वेगळं ठेवा, लहान मुलांना जरा जपून जवळ येऊ द्या. त्यांच्यापासून मात्र कुणाला काही होत नाही, बरं का."

मी शब्दन् शब्द ऐकला. अंकित बिचारा घाबरलेला. घरी येऊन त्यानं बायकोला एवढंच सांगितलं, "आईचं भांडं वेगळं ठेवाचं. नंदिनीले जवळ जाऊ देऊ नको." सीताबाईनं ते बाजेवर पडल्या पडल्या ऐकलं.

झालं! अर्धं बोलणं दवाखान्यातच राहून गेलं.

खरं सांगू, आधी मला मोठा गर्व झाला. भावांना सोडून मी सीताबाईच्या खोलीतल्या खिडकीत राहायला आलो. माझी घासणी वेगळी, माझं गरम पाणी वेगळं. म्हटलं, मान वाढला आपला! चार दिवसांत डोळे उघडले. मान कसला, मी पोरका झालो होतो.

केमो संपला. सीताबाईचे केस परत आले. डॉक्टर म्हणाले, आता फक्त तपासणीला येत जा. पण वेगळं काढलेलं भांडं परत कधी मिसळायचं, ते कुणी बोललंच नाही. सीताबाईला वाटे, सुनेला आपली किळस येते, आणि तिचं तरी काय चुकलं, उद्या पोरीला काही झालं तर? पौर्णिमाला वाटे, आईंनाच कुणी जवळ आलेलं नको असतं, दुखत असेल. दोघी चांगल्या, आणि दोघीही मुक्या. ताट उंबऱ्यापाशी यायचं आणि उंबऱ्यापासूनच परत जायचं. दुपारी सीताबाई दाराकडे पाठ करून बसायची, सपाट झालेल्या बाजूवर पदर सारखा करायची आणि मला म्हणायची, "आता तू अन् मी, बाप्पा."

सगळं ठाऊक असून तोंड नसणं, याच्याइतकी वाईट शिक्षा नाही. अस्सा राग यायचा! वाऱ्याची झुळूक आली की मी मुद्दाम खिडकीतून खाली घरंगळायचो, ठणठण आवाज करायचो. पौर्णिमा यायची, मला उचलून ठेवायची आणि "वारा सुटला वाटते" म्हणून निघून जायची. नंदिनी दारातून डोकवायची. "जाय माय, तिकडं खेळ," असं म्हणून सीताबाई तिला घालवायची आणि मग कितीतरी वेळ त्या रिकाम्या दाराकडे पाहत राहायची. अशी दोन वर्षं गेली.

मग एक दिवस देवळीची वच्छलाबाई आली. कापडाच्या दुकानवाल्यांच्या घरची. केमोला सीताबाईच्या शेजारच्याच खाटेवर असायची. आल्या आल्या ती बाजेवर सीताबाईला खेटून बसली आणि म्हणाली, "पानी दे व."

पौर्णिमा स्वयंपाकघरातून पाणी आणेपर्यंत वच्छलाबाईला दम कुठला! तिनं खिडकीतून मला उचललं, तांब्यातलं पाणी ओतलं आणि सरळ तोंडाला लावलं.

"अवं नको!" सीताबाई ओरडली. "तो माया वेगळा हाय. लागन तुले!"

"काय लागन? कॅन्सर?" वच्छलाबाई खो खो हसली. "मले तं आधीच होऊन गेला, बाप्पा! असा गिलासानं लागत असता तं दवाखान्यातल्या साऱ्या नर्सा खाटेवर पडल्या असत्या. भांडं वेगळं ठेवाले सांगतलं होतं ते तुले जपाले. अन् ते बी केमो होता तोवर."

शाब्बास गं बाई! मला तिच्या हातात नाचावंसं वाटलं.

पौर्णिमा पाणी घेऊन दारातच थबकली होती. "आई, मले वाटलं, तुमालेच कोनी जवळ नाई पाह्यजे."

"मले?" सीताबाईचा आवाज फाटला. "माया बापाले गावच्या हॉटेलात कप वेगळा होता, म्हनून जल्मभर त्यानं तिथं चहा पेला नाई. अन् मी दोन वर्ष आपल्याच घरात वेगळ्या गिलासानं पानी पेलं. कोन्या तोंडानं म्हनू तुले, का मले जवळ घे?"

पौर्णिमा खाली बसून रडायला लागली. सीताबाईही रडली. वच्छलाबाईनं कुणालाच थांबवलं नाही. "रडा, एकदाच्या दोघी मिळून रडा. औषध डॉक्टर देते, पन बोलाचं ते घरच्याईनंच बोला लागते. हेच सांगाले तं आमी कॅन्सरातून उठलेल्या बाया गावोगाव फिरून राह्यलो."

त्याच दिवशी मी मांडणीवर परत गेलो. मित्रांनो, आजारी माणसाचं भांडं वेगळं करायची वेळ आली तर जरूर करा. पण ते परत कधी मिसळायचं, हेही त्याच दिवशी विचारून या. आणि आजारी माणूस गप्प बसलं तर त्याला तसंच आवडतं, असं धरून चालू नका. त्याच्याजवळ जा, विचारा. मी धातूचा असून खंगलो होतो, मग हाडामांसाच्या माणसाचं काय होत असेल?

आता तुम्ही म्हणाल, चला, गोड झालं सगळं. कुठलं हो! नंदिनी आता चार वर्षांची. सीताबाई ओसरीत मांडी घालून बसते, "ये माय" म्हणून हात पुढे करते, आणि पोरगी दोन हातांवर येऊन थांबते. आठ दिवस झाले, रोज हेच. सीताबाई हात मागे घेते. मांडणीवरून मला ते बघवत नाही.

काल पौर्णिमानं पाणी भरून मला नंदिनीच्या हातात दिलं. ती दोन्ही हातांनी मला धरून आजीसमोर उभी राहिली.

"आजी, मी तुले हात लावला तं तू मरशीन का?"

म्हणजे ही एवढीशी पोर दोन वर्षं आजीला जपत होती, आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता! सीताबाईनं मला बाजूला ठेवलं आणि तिला ओढून घेतलं. ऑपरेशनच्या बाजूलाच पोरीचं डोकं टेकलं.

"पाय बरं," सीताबाई म्हणाली, "मेली का मी?"

नंदिनीनं मान वर करून आजीचा चेहरा नीट निरखून पाहिला. पक्की खात्री झाली, तेव्हाच ती मोठ्यानं रडली.