पाण्याने फुगते ती मी

मित्रांनो, ज्या पडलेल्या ओंडक्यावर मी उगवले, तो थकला आहे आणि त्याच्यासोबत मीही. मी एक जुनी बुरशी. माणसाच्या कानासारखी, मऊ, तपकिरी. बोलिव्हियातल्या पांदोच्या जंगलात, ब्राझील नट वेचणाऱ्यांच्या झोपडीमागे आमचा मुक्काम आहे. ऊन पडलं की मी वाळून कडक होते, पाऊस आला की पुन्हा फुगते. या उठबशांचा आता खरंच कंटाळा आला आहे.

माझं कौतुक फार थोड्यांना. एक ती वीतभर काळी माकडं. त्यांची टोळी बांबूतून खाली उतरायची आणि माझे कान तोडून आवडीने खायची. दुसरी योबाना, नट वेचणाऱ्या एव्हेरची मुलगी. ती माझ्यावर डबाभर पाणी ओतायची आणि मी फुगताना बघत बसायची.

एकदा एव्हेरच्या गोळीने त्या टोळीतली एक आई पडली. तिच्या पाठीवरचं पिल्लू त्याने लेकीसाठी आणलं. इथे सगळेच आणतात, मुलांना तेवढाच विरंगुळा. योबानाने त्याला खांबाला बांधलं, भाजलेलं केळं दिलं. त्याने नुसतं हुंगलं.

"खाईल गं. भूक लागली की झक मारत खाईल," एव्हेर म्हणाला.

त्याने खाल्लं नाही. ते माझ्याकडे बघून दोरी ताणायचं, पण दोरी पुरत नव्हती. मला फार वाईट वाटायचं. बुरशीला हाक मारता येत नाही.

शेवटी त्याने मान टाकली. योबानाने त्याला सोडून माझ्याशेजारी ठेवलं आणि आम्हा दोघांवर पाणी ओतलं. मी फुगले.

"बाबा, हा का उठत नाही? सुकला होता म्हणून पाणी घातलं ना मी."

"अगं वेडे, ती बुरशी. हे माकड आहे," एव्हेर म्हणाला. मग बराच वेळ तो खांबाची दोरी सोडत बसला.

पुढच्या हंगामात त्याने विचारलं, "दुसरं आणू का गं? या वेळी केळं खाणारं बघतो."

"आणलंस तर सोडून देईन. आणि तुझ्याशी बोलणार नाही."

त्याने आणलं नाही.

मित्रांनो, मला तोडा, वाळवा, खुशाल विसरून जा. पाणी मिळालं की मी उठेनच, नाइलाजाने का होईना. पण आईच्या पाठीवर बसलेलं पिल्लू दिसलं, तर त्याला तिथेच बसू द्या.