गुणाजीचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालावं ते गुणाजीनंच, असं कांजूरमार्गच्या त्या चाळीत वीस वर्षं चालत आलं होतं. पूजा असो, बारसं असो, गुणाजीनं देवापुढे नारळ ठेवायचा, खणखणीत आवाजात एकेक मागणं घालायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' ठोकायचं. मागणं काय आहे ते ऐकायची गरजच नाही. 'रे म्हाराजा' कानावर पडलं की मालवणी माणसाचं तोंड आपोआप उघडतं, झोपेतसुद्धा.

आणि ह्याच गुणाजीला पोटच्या पोरीच्या साखरपुड्यात गाऱ्हाणं घालायची धास्ती बसली होती.

संपात गिरणी गेली त्याला तीन वर्षं झाली. गुणाजी मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून चिकटला, पण जीव कशात रमेना. झोप नाही, जेवण कडू, आणि डोक्यात विचार. विचार तरी कसले मेले, एकाहून एक वंगाळ! बसमध्ये चढला की बस उलटणार. नारळ घेतला की नासका निघणार. 'नको तो विचार' म्हणावं, तर तोच पाट मांडून बसणार. आणि सगळ्यांवर एक मुकादम विचार होता: गुण्या, तू काही कामाचा नाहीस.

चाळ म्हणाली, बाहेरचं आहे, कोंबडा द्या. त्याची बायको रत्नप्रभा म्हणाली, "कोंबडो आमीच खाऊया. आधी डॉक्टर." आणि तिनं त्याला घाटकोपरला एका डोक्याच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "वाईट विचार सगळ्यांनाच येतात हो, मलाही येतात. पण मेंदूत एक वॉचमन असतो, तो त्यांना गेटवरूनच परत पाठवतो. उदासीच्या आजारात तो थकतो. मग कोणीही यावं, आत शिरावं."

"म्हणजे मी वॉचमन, नि माझोच वॉचमन झोपलो?" गुणाजी म्हणाला. त्याला हीही आपलीच नालायकी वाटली.

"झोपला नाही, आजारी आहे. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. गोळ्या घ्या. आणि विचार आला की घरच्यांना मोठ्यानं सांगा. तुमचा वॉचमन बरा होईपर्यंत त्यांचा येऊ दे बदलीवर."

बदलीवाला म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणारा, हे गिरणीतल्या माणसाला सांगायला नको. गोळ्या गुणाजीनं इमानानं घेतल्या. मोठ्यानं सांगायची मात्र लाज वाटली. बापयमाणूस, बायकोला काय सांगणार, बस उलटेल म्हणून?

साखरपुड्याच्या दिवशी बोरिवलीहून मुलाकडचे आले. मुलाचे वडील रामनाथ, आजी सरूबाई आणि पंधरावीस माणसं. गुणाजीला घाम फुटला. ऐन देवापुढे तोंडातून भलतंच निघालं तर? सोयरीक मोडायची, आणि कोणामुळे? बापामुळे.

"लवू घालू दे गाराणा," तो बायकोला हळूच म्हणाला. लवू हा शेजारी, तयारच होता.

त्याची पोरगी प्रेमा, तिनं ते ऐकलं. "बाबा, लवूकाका घालणार असतील तर मी अंगठी घालत नाही."

संपलं. गुणाजी नारळापुढे उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज जो ह्यो साखरपुडो मांडलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरीचो संसार सोन्यासारखो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

छान चाललं होतं. तेवढ्यात तो मुकादम विचार आत शिरला. गुणाजीनं दात आवळले, गिळायला बघितलं, आणि जेवढं गिळलं तेवढं उसळून वर आलं.

"ह्या पोरीचो बापूस काय कामाचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली दणाणली. लवूचा आवाज सगळ्यांत मोठा.

"गिरण गेली नि तो फुकट गेलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या खेपेला रामनाथही.

गुणाजीचे डोळे भरून आले. देवापुढे, चारचौघांत शिक्कामोर्तबच झालं की! त्याचा आवाज फाटला. "तो नसलो तरी कोणाचा कायएक अडाचा नाय रे म्हाराजा!"

"व्ह..."

"नाय म्हाराजा!"

रत्नप्रभा ओरडली होती. हातात साखरेचं ताट, डोळ्यांत अंगार. गाऱ्हाण्याला 'नाय' म्हटलेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. आता कुठे माणसांना कळलं, आपण कशाकशाला 'व्हय' म्हणून बसलो ते. लवूनं जीभ चावली.

"नाय म्हाराजा!" प्रेमा म्हणाली. ती रडत होती.

सरूबाईला कमी ऐकू यायचं. तिनं रामनाथला विचारलं, "काय म्हणता तो?" रामनाथनं कानात सांगितलं. म्हातारी काठी आपटून उठली. "बापूस नसलो तर चलात? खुळो काय? नाय म्हाराजा!"

मग काय, सगळी खोलीच 'नाय म्हाराजा' करून उठली. गुणाजी रडता रडता हसला. किती महिन्यांनी, देव जाणे. "बरा तर," तो नाक पुसत म्हणाला, "ह्या वॉचमनाक लवकर बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साखरपुडा झाला. नारळ फोडला, तो चांगला निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर निघताना मुकादम पुन्हा हजर. आजार काय, एका नारळानं जातो? गुणाजी चपला घालता घालता थांबला. मग चुलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "गे, माका परत वाटता, मी काय कामाचो नाय."

रत्नप्रभानं मागे वळूनही पाहिलं नाही. "नाय म्हाराजा," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. "डबो घेवा. उशीर होता."