मागच्या रांगेतलं कपाट

आमच्या घरी त्याला कपाट म्हणतात. खरं तर तो बास गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, जुन्या पद्धतीचा. वर काचेच्या वॉल्व्हचं यंत्र, खाली परातीएवढा स्पीकर आणि दोन्ही एकाच लाकडी खोक्यात बसवलेले. लग्न होऊन बायको घरात आली, तेव्हा कोपऱ्यातल्या त्या खोक्याभोवती एक फेरी मारून तिने विचारलं होतं, याचं दार कुठल्या बाजूला आहे. नाव तेव्हापासूनचं.

पोटासाठी मी छापखान्यात मुद्रितं तपासत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या चुका कोणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून बेताने वाजवायचं, अशी माझी वर्षं गेली. आमचा चौघांचा बँड होता. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे धडाम म्हणत. गाणारी त्याची थोरली बहीण, म्हणून ती सगळ्यांचीच ताई. गिटार वाजवणारा तिचा नवरा, म्हणून तो सगळ्यांचा दाजी. एका घरातली तीन माणसं आणि चौथा मी. धडामने माझं नाव स्वल्पविराम ठेवलं होतं. कारण विचारलं की म्हणायचा, तू असतोस, पण वाचताना तुझा उच्चार कोणी करत नाही.

कपाट उचलायला दोघं लागत आणि जिना असेल तर तिसरा, नुसत्या सूचना द्यायला. तो तिसरा नेहमी दाजी असे. एका हॉटेलच्या जिन्यात कपाटाचा कातडी दांडा तुटला आणि ते दोन पायऱ्या खाली आपटलं. आमचा चौघांचा जीव भांड्यात पडला तो वर नेऊन त्याचा दिवा लागल्यावरच. बायकोने जुन्या सुटकेसचा पट्टा दुहेरी करून, मोची वापरतात त्या दोऱ्याने शिवून त्याला नवा दांडा केला. तो आजही आहे. जाड कापडाची खोळही तिनेच शिवली, आत जादा फ्यूज ठेवायला एक खिसा ठेवून. शिवताना ती पुटपुटत होती की स्वतःच्या ब्लाउजला तिने कधी इतकी मापं घेतली नव्हती.

उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात जनरेटर दमला की बाकीची यंत्रं खरखरायला लागत. कपाट नुसतं मऊ व्हायचं, जरा गोड व्हायचं. एकदा मात्र त्याने आमची लाज काढली. एका संस्थेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि ते 'माझ्या या यशामागे' इतकं म्हणून थांबले, तेवढ्यात कपाटातून टॅक्सीवाल्यांच्या वायरलेसवरचा बाईचा आवाज आला, की कुठे मेलायस, गिऱ्हाईक खोळंबलंय. सभागृह हसून हसून लोळलं. अध्यक्षही हसले. त्यांच्या पत्नी तेवढ्या हसल्या नाहीत.

मोठमोठ्या बँडमधले बासवाले मध्यंतरात मागे येऊन कपाट बघायचे. एकाने तर हात लावू का, असं विचारलं होतं. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. पण तो अभिमान कपाटाचा होता. त्यातून निघणाऱ्या माझ्या आवाजाबद्दल मला कधीच खात्री वाटली नाही.

माझी उभं राहण्याची एक सवय होती. पोटरी कपाटाला टेकवून मी त्याच्या अगदी पुढ्यात उभा राहायचो. लाकडाची थरथर पायात जाणवली की यंत्र चालू आहे एवढं कळायचं, आणि लोकांपासून तेवढंच दूर राहता यायचं. तिथून मला काय ऐकू यायचं, तर एक गढूळ धपधप. स्वर असा नाहीच. आमच्या कार्यक्रमांच्या कॅसेटवर ताई असायची, दाजी असायचा, धडाम तर फारच असायचा. मी कुठेच नसायचो. लोक सांगायचे की मागे फार सुरेख ऐकू येतं. मला वाटायचं, चांगली माणसं आहेत, धीर देतायत.

दाजी गेल्यावर बँड आपोआप थांबला. कपाट खोळीत गेलं आणि बायको त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागली.

या वर्षी, ज्या क्लबच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्यांत जास्त वाजवलं, तो दुरुस्त होऊन पुन्हा उघडायचा होता. उद्घाटनाला जुन्या बँडने वाजवावं असं त्यांनी कळवलं. दाजीच्या जागी त्याची मुलगी गिटार वाजवणार होती. मी आधी नाही म्हणालो, मग हो म्हणालो, मग रात्रभर पस्तावलो. सकाळी एकच गोष्ट मनात पक्की झाली होती. या हॉलमध्ये मी उभा राहणार असेन, तर कपाटासोबत. ते वाजणार नसेल तर माझं तिथे काय काम? हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ते तुम्ही मला सांगताय. तिथे सांगा म्हणजे झालं."

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी साउंड टेस्टला पोचलो. हॉलमधला साउंड सांभाळणारी बाई नातीच्या वयाची नव्हती, पण मुलीच्या वयाची होती. बोलायला साधी. कपाटाची घरघर तिने नीट कान देऊन ऐकली आणि म्हणाली, "काका, हे घुमतंय थोडं. गिटार सरळ आमच्या यंत्रणेत जोडू या का? स्टेजही मोकळं राहील."

तिचं काही चुकत नव्हतं. मी म्हणालो, "चालेल."

ड्रमच्या मागून धडामने काठ्या खाली ठेवल्या. "काय चालेल? अरे, पाठ मोडून आणलंय ते दोघांनी. चालेल काय?"

मी म्हणालो की त्यांना सोयीचं असेल तसं करू देत, नाहीतरी माझ्या आवाजात ऐकण्यासारखं काय आहे, नुसती धपधप. हे मी अगदी मनापासून बोललो. ताई माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मी चष्मा डोळ्यांवर ठेवूनच चष्मा शोधत होतो.

"हे तुम्हाला खरंच वाटतं?" ती म्हणाली. "मी इतकी वर्षं सूर कशावर धरला असं समजता? याच्या धडामधडामवर?"

साउंडच्या बाईने विचारलं की मी कधी मागे जाऊन ऐकलंय का. मी म्हणालो, कसं ऐकणार, वाजवणारा मीच. आमच्याकडे तार होती ती कपाटापासून माझ्या पोटरीपर्यंत पुरेल एवढीच.

ती आत गेली आणि तारेचं एक भलंमोठं वेटोळं घेऊन आली. "जाड स्वराला पसरायला जागा लागते, काका. स्पीकरला चिकटून उभं राहिलं तर तो तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही." तार एका टोकाला कपाटात गेली, दुसऱ्या टोकाला माझ्या गिटारमध्ये. मी स्टेजवरून उतरलो आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालत गेलो. तार माझ्या मागून सरपटत येत होती. शेवटच्या रांगेपाशी पोचून वळलो. तिथून कपाट आगपेटीएवढं दिसत होतं.

मी गिटारची सर्वांत खालची तार छेडली.

काय सांगू? तो स्वर आला. गोल, भरलेला, कडा शाबूत असलेला. तो माझ्या बोटाखाली सुरू झाला होता, आणि तरी समोरून, सगळा हॉल ओलांडून माझ्याकडे आला. मी दुसरा वाजवला, तिसरा वाजवला. ताईने न सांगताच एक ओळ गायला घेतली, धडामने हलका ठेका धरला, दाजीच्या मुलीने दोन-तीन स्वर सोडले. ताईचा आवाज माझ्या आवाजावर पाय ठेवून उभा होता. ती इतकी वर्षं तिथेच उभी होती. मला बसावंसं वाटलं, पण वाजवत असल्यामुळे बसता आलं नाही.

मग साउंडच्या बाईने गिटार त्यांच्या यंत्रणेत जोडून दाखवली. तोही आवाज चांगला होता. स्वच्छ, नीटनेटका. पण तो कोणाचाही असू शकला असता. ती वाट बघत राहिली.

हॉलच्या त्या टोकावरून मला ओरडूनच बोलावं लागणार होतं. एवढ्या मोठ्याने मी याआधी बहुधा शाळेत हजेरी दिली असेल.

"कपाटच राहू दे. आणि जरा वाढवा."

"किती वाढवू, काका?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

धडाम कपाळाला हात लावून हसत सुटला. ताई हसली नाही, तिने पदराने नाक पुसलं. मी थांब म्हणायला बराच वेळ घेतला.

संध्याकाळी हॉल भरला. मी ती लांब तार परत दिलीच नाही. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी कपाटापासून बरीच पावलं पुढे, ताईच्या शेजारी येऊन उभा होतो. तिने माईकवर हात ठेवून विचारलं, "काय हो, वाट चुकलात?" मी म्हणालो की इथून बरं ऐकू येतं.

तिसऱ्या गाण्यात, ठरलेलं नसताना, धडामने दोन्ही काठ्या वर धरल्या आणि थांबला. ताई थांबली. दाजीच्या मुलीने त्या दोघांकडे पाहिलं आणि तारांवर हात ठेवला. हॉलमध्ये आता दुसरा कुठलाच आवाज उरला नव्हता. मी मान वर केली, शेवटच्या रांगेतल्या माणसांकडे बघितलं आणि त्यांच्यापर्यंत पोचेल असं वाजवत राहिलो.