जमादारानं नवऱ्याचं इचारलं

आमच्या मालकांनी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला, ते साल निजामाच्या राज्यातलं शेवटचं का त्याच्या आधलं, मला न्हाई सांगता यायचं. जवारी हुरड्यात आली होती, एवढं खरं. मुखेडच्या अलीकडं नाल्याच्या काठाला आमचं रान. नाल्यात बाभळीचं बन, अन् बनात रानडुकरं. आदल्या साली ईश्वरप्पाला डुकरानं उभ्या जवारीत धरलं. मांडी फाडली, तिसऱ्या दिवशी गेला बिचारा. त्याचं रान अन् आमचं रान बांधाला बांध.

तवापासून मालकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. गावात बंदूक एकच, भुजंग पाटलाची, अन् पाटील ती कुणाच्या हाती देत नव्हता. मालक म्हणले, "धुरपता, डुकरं मारायची बी गरज न्हाई. नुसता बार काढला तरी पळतील. पर बाराला बंदूक पायजे, अन् बंदुकीला परवाना."

पाटलानं उर्दूतून अर्ज लिहून दिला. म्हणला, "हे कागद चौकीवर जातील. चौकीचे फौजदार अमीनसाहेब जमादाराला चौकशीला धाडतील. माणूस थंड डोक्याचा हाय असं अमीनसाहेबानं लिहिलं की पुढं काम फत्ते. न्हाई लिहिलं तर बसा बोंबलत."

थंड डोकं? आवो, त्या माणसाला कुणी तोंडावर शिव्या दिल्या तरी "बरं बरं" म्हणून बाजूला व्हायचा. बैलाला कधी चाबूक लावला न्हाई. घरात आवाज चढायचा तो माझा. भांडकुदळ म्हणा, कजाग म्हणा, ती मी.

पंधरा-वीस दिवसांनी जमादार आला. मालक रानात गेलते. मी अंगण सारवत होते.

"व्यंकटी तुझाच मर्द का?"

"हाव."

"कैसा आदमी है? मिजाज कसा हाय त्याचा?"

आता बघा. आमच्याकडं आपल्या माणसाला परक्यापुढं चांगलं म्हणायचं न्हाई. लेकरू गोरंगोमटं असलं तर काळं माकड म्हणायचं. म्हैस दोन्ही टायमाला चरवी भरत असली तर आटली म्हणायचं. दृष्ट लागते. माझ्या आईनं मला हेच शिकवलं, तिला तिच्या आईनं. नवऱ्याचं तर इचारूच नका. नवऱ्याला गुणाचा म्हणणारी बाई म्हणजे कपाळाचं कुंकू पुसायला बसलेली.

जमादार कशाला आलाय ते मला ठाव नव्हतं का? होतं. पर परका माणूस दारात उभा राहिला की जीभ आपल्या वळणानंच जाते. मी पदर तोंडाला लावला अन् उचलली जीभ लावली टाळ्याला. "कशाचा मिजाज वो! लई तापट हाय. मीठ कमी पडलं की ताट भिरकावतो. मी हाय म्हणून नांदते."

असं समद्याच बाया म्हणतात. ऐकणारा हसतो, अन् समजून घेतो की बाई सुखात हाय. जमादार हसला न्हाई. त्यानं कागदावर लिहून घेतलं. वरून मी त्याला तांब्याभर ताक दिलं.

आठ दिवसांनी मालकांना चौकीवर बोलावलं. सांजच्याला परत आले, पाय धुतले, चुलीपुढं जेवायला बसले. अर्धी भाकर खाल्ली अन् म्हणले, "धुरपता, मी ताट कवा भिरकावलं गं?"

अगं बया! तव्यानं माझा हात भाजला तरी कळलं न्हाई. अमीनसाहेबानं त्यांना माझा जबाब वाचून दाखवला होता. अर्ज नामंजूर. मालक चिडले न्हाईत. चिडायला पायजे होतं, दोन ठेवून द्यायला पायजे होत्या मला.

सकाळी मीच म्हणलं, मला न्या, मी जबाब बदलते. दोन कोस चालत गेलो. अमीनसाहेबानं मालकांना भाईर उभं केलं अन् मला एकटीला आत घेतलं. म्हणला, "घाबरू नको बाई. खरं सांग."

मग मी जल्मात कधी बोलले न्हाई ते बोलले. "साहेब, मी खोटं बोलले. चौदा वर्सांत या माणसानं हात उगारला न्हाई. माझं लेकरू गेलं तवा पेरणी सोडून तीन दिवस माझ्यापाशी बसला. माझी आई आंथरुणाला खिळली तर तिचं घाण-पाणी यानं केलं, जावयानं. असा माणूस पंचक्रोशीत न्हाई." बोलता बोलता मला रडू फुटलं. ते रडणंच नडलं.

अमीनसाहेब काय वाईट माणूस नव्हता. त्यानं मला पाणी दिलं अन् हळूच इचारलं, "हे बोलायला लावायला किती मारलं तुला?"

"न्हाई वो साहेब, मारलं न्हाई!"

त्यानं मान हलवली. मार खाल्लेल्या बाया असंच म्हणतात, म्हणला. अर्जावर अजून एक ओळ लिहिली. मालकांना आत बोलावून दम भरला, बायकोला परत हात लावलास तर कोठडीत घालीन. मालक म्हणले, "जी साहेब."

वाटेला लागलो. मालकच बोलले. "खिडकी उघडी होती. मी समदं ऐकलं." मग म्हणले, "ऱ्हाऊ दे आता ती बंदूक." नव्या नवरदेवावाणी तोंड फुललं होतं त्यांचं. मला लाज वाटली. बरं बी वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौथ्या दिवशी ते गोफण घेऊन रानात गेले. उन्हं चांगली वर आलती. डुकरीण पिलं घेऊन जवारीत बसली होती, ती त्यांना दिसली न्हाई. मला बोलवायला माणूस आला तवा संपलं होतं. मी गेले, बघितलं, त्यांचं धोतर नीट केलं. रडू आलं न्हाई. अजून बी येत न्हाई. आत काही हलतच न्हाई.

पाटील म्हणतो, परवाना मिळाला असता तर व्यंकटी वाचला असता. गावातल्या बाया म्हणतात, धुरपताच्या जिभेनं नवरा खाल्ला, जमादारापुढं वंगाळ बोलली म्हणून. माझ्या तोंडावर बी म्हणतात. मी ऐकून घेते. चौकीत मी काय बोलले ते त्यांना ठाव न्हाई.

चौदा वर्सं त्या माणसाला वाईट म्हणून मी जगवला. अन् एकदा, एकदाच, परक्यापुढं मोठ्यानं चांगलं म्हणलं.