नववा तुकडा

पाळणाघर अचानक बंद, म्हणून अकरा महिन्यांच्या ठकीला घेऊनच मी विद्यापीठाच्या संग्रहालयात कामावर आले. शंभर वर्षांपूर्वीचं कानाचं मॉडेल साफ करायचं होतं. कागदाच्या लगद्याचं, कलिंगडाएवढं. विद्यार्थ्यांना आतलं दिसावं म्हणून त्याचे तुकडे सुटे होतात, प्रत्येकावर नंबर असतो. काही पडून फुटू नये म्हणून आम्ही टेबल वापरत नाही, जमिनीवर गादी घालून काम करतो. त्याच गादीवर मी ठकीलाही सोडलं. शंभर वर्षांच्या कानाची काळजी घेतली, पोटच्या पोरीची नाही.

ब्रश घ्यायला वळले, तेवढंच. पाहते तर आठच्या शेजारी थेट दहा. शेंगदाण्याएवढं नऊ नंबरचं हाड गायब. ठकी शांत बसली होती, आणि ती शांत असली की तिच्या तोंडात काहीतरी असतंच. हनुवटीवर लाल लाळ. रक्त की रंग? तोंडात बोट फिरवलं. काहीच नाही.

मॉडेलं चिकटवण्यात जन्म गेला म्हणून ज्यांना सगळे डिंककाका म्हणतात, ते म्हणाले, श्वास नीट चाललाय ना, मग रडत बसू नको, हॉस्पिटलात निघ.

कागद एक्स-रेत दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दिसेल, मी म्हटलं. आत लोखंडी तार असते, आणि जुन्या लाल रंगात शिसं. 'शिसं' हा शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकला आणि ठकीची हनुवटी पुन्हा पुसली.

इवल्याशा पोटात पांढरी तार स्पष्ट दिसली. टोक उघडं की मिटलेलं, ते मात्र कळेना. उघडं असेल तर भूल देऊन काढावं लागणार होतं.

तेवढ्यात काका धापा टाकत आले. हातात कापसात गुंडाळलेला आठ नंबर.

"नवाचा भाऊ आहे. एकाच कारागिराच्या हाताने वळवलेली तार. बघा, डॉक्टर."

डॉक्टरांनी आठाच्या बाहेर आलेल्या तारेवरून बोट फिरवलं. गोल कडी, टोकच नाही. मग दोन दिवसांत आपोआप बाहेर येईल, म्हणाले.

"आला की धुऊन आण बाई," काका म्हणाले. "नवाशिवाय दहा बसत नाही."

मी हसले, आणि मग रडू आवरेना.

शिशासाठी रक्त घेतलंय. रिपोर्ट उद्या दुपारी. एवढ्याशा रंगाने काही होत नसतं, असं काका सांगतात. मॉडेलांच्या बाबतीत ते कधी चुकलेले नाहीत. लेकरांचं त्यांना काय विचारू? शिसं कानांवरही जातं म्हणतात, म्हणून तोवर मी ठकीला हाका मारत राहते. ती वळून बघते. मी पुन्हा मारते.